बुटका गहू: जनुकाचं श्रेय आणि ओलीचा हिशोब

हरित क्रांतीवरच्या लिखाणात एक शब्दप्रयोग हमखास भेटतो: ‘जास्त उत्पादन देणारं जनुक’. माझा आक्षेप क्रांतीला नाही. त्या गव्हानं भुकेलेल्या देशाला हात दिला, हे मान्यच आहे. आक्षेप आहे तो या शब्दांना.

आधी इतिहास थोडक्यात. १९३५ साली जपानमध्ये ‘नोरिन १०’ हा ठेंगणा वाण प्रसारित झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचं बियाणं अमेरिकेत गेलं. तिथं ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचे संकर केले आणि त्यांच्याकडून ते मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे पोचलं. १९६६ मध्ये भारतानं मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आणलं.

आता हे जनुक करतं काय? ते १९९९ मध्ये उलगडलं. रोपात वाढीला ब्रेक लावणारं एक प्रथिन असतं. जिबरेलिन हे संप्रेरक आलं की ते प्रथिन हटतं आणि रोप उंच होतं. बुटक्या गव्हात जनुक बदललेलं असल्यानं ते प्रथिन हटतच नाही. काड आखूड राहतं.

मग दाणे कुठून वाढले? काडात जाणारं थोडं अन्न ओंबीकडे वळतं, हे खरं. पण मोठा फायदा असा, की भरपूर नत्र आणि पाणी दिलं की उंच गहू लोळतो, बुटका उभा राहतो. म्हणजे जनुकानं खत पेलायची सोय केली. खत आणि पाणी मात्र शेतकऱ्यानंच आणायचं!

आणि तोच ब्रेक मातीखालीही लागतो. माती भेदताना कोंबाला सांभाळणारं आवरणही आखूड होतं. आपल्याकडे जिरायती काळ्या रानात वरची माती सुकली की बी खाली ओलीपर्यंत न्यावं लागतं. तिथून वर येताना हा कोंब दमतो आणि पेर विरळ होते. बागायतीतला गुण इथं दोष ठरतो. बन्सीसारख्या उंच गव्हाला मागास म्हणताना हा हिशोब कुणी मांडत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आरएचटी१४ आणि आरएचटी१८ या पर्यायी जनुकांवर काम झालंय. ती रोप ठेंगणं ठेवतात, पण कोंबाचं आवरण आखूड करत नाहीत. तेव्हा ‘जास्त उत्पादन’ वाचलं की एवढंच विचारा: कुणाच्या रानात, आणि किती पाण्यावर?