धर्म विचारतो ते प्रश्न

सण साजरा केला म्हणून दंड! फराळाचे ताट पुढे असताना ही कल्पनाही करवत नाही. पण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत 1659 साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला आणि 1681 पर्यंत तो कायदा टिकला. तो करणारे प्युरिटन धर्मद्वेष्टे नव्हते. बायबलात ज्याला आधार नाही ते धर्मात नको, एवढाच त्यांचा हट्ट. हे ऐकले की आपल्या वाचकाला एखादा कडवा मौलवी आठवतो आणि दोन्ही समाजांची तुलना तिथेच संपते. ती इतक्यात संपवू नये, असे मला दोन मराठी पुस्तके वाचून वाटते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि हमीद दलवाई यांची 1965 सालची 'इंधन' ही कादंबरी, ही ती दोन. 1864 साली स्थापन झालेल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी ती मिळावीत; जोडीने मात्र ती क्वचितच वाचली जातात.

लक्ष्मीबाईंचा प्युरिटनांशी संबंध काय, असे कोणी विचारील. 1813 पासून मुंबईत आणि 1831 पासून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) काम करणारे अमेरिकन मराठी मिशन हे न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे प्युरिटनांच्याच वारसांचे. त्या जुन्या वसाहतीत मंडळीचा पूर्ण सभासद व्हायचे, तर ईश्वरी कृपेचा स्वतःचा अनुभव चारचौघांत सांगावा लागे. मतदानाचा हक्कही सभासदांनाच. बापाची पुण्याई मुलाच्या कामी येत नसे. तुझी श्रद्धा काय, हा तिथला प्रश्न. आणि उत्तर चुकले तर तो सौम्य नव्हता. क्वेकर पंथाच्या मेरी डायरला 1660 साली बॉस्टनमध्ये फाशी दिले.

ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने. नवऱ्याची श्रद्धा बायकोच्या खाती जमा होत नाही, हे या ग्रंथात जितके घरगुती भाषेत कळते तितके कोणत्याही प्रवचनात नाही. पुढे 1917 साली टिळकांनी मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. दाराशीच परीक्षा घेणाऱ्या धर्माला कवीने आतूनच दिलेले ते उत्तर!

'इंधन'चा नायक श्रद्धा केव्हाच सोडून बसलेला. हृदयविकार घेऊन तो बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी येतो. तुझी श्रद्धा काय, असे त्याला विचारण्याची कुणाला गरजच वाटत नाही. तू कुणाचा, हा प्रश्न. आणि त्याचे उत्तर गावाने आधीच देऊन ठेवलेले. पण हा प्रश्न इस्लामचा म्हणावा काय? इस्लाममध्ये यायला तर कलमा पुरतो. प्रश्न आपल्या गावगाड्याचा आहे. हिंदू शेजारीही त्याला तोच विचारतात. लक्ष्मीबाईंचे सोवळेही त्याचेच भावंड.

कलाकृती म्हणून 'इंधन' कोरडी आहे, हे मी दोष म्हणून सांगत नाही. स्त्रियांची मने तिच्यात फारशी उघडत नाहीत, हा मात्र दोषच. नवल असे की, याच लेखकाने 18 एप्रिल 1966 रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला.

कल्याणजवळच्या मलंगगडावर माघी पौर्णिमेला चढणाऱ्यांना पूर्वी यातला एकही प्रश्न कुणी विचारत नसे. दर्गा पिराचा, वहिवाट ब्राह्मण घराण्याकडे. 1980 नंतर गड कुणाचा, हा प्रश्न तिथेही चढला.

दलवाई 1977 साली गेले. आपल्या देहाचे दहन व्हावे आणि कोणत्याही धर्माचा विधी होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती.