अभियांत्रिकीचे अध्यापन आणि फेल्डर-सिल्व्हरमन यांची मीमांसा

अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाला विषय येतो, परंतु विषय शिकविण्याची विद्या त्याला कोणी शिकविलेली नसते, ही तक्रार जुनी आहे. प्राथमिक शाळेतील शिक्षकापाशी अध्यापनाची पदविका असावी असा आपला आग्रह असतो. विद्यापीठीय वर्गासमोर उभे राहणाऱ्याकडून मात्र पदवी आणि प्रबंध यांपलीकडे आपण फारसे काही मागत नाही. ही उणीव भरून काढण्याच्या हेतूने जे लेखन झाले, त्यात रिचर्ड फेल्डर आणि लिंडा सिल्व्हरमन यांच्या १९८८ मधील निबंधाचे स्थान मोठे आहे. फेल्डर हे तेव्हा अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञ. आपल्याकडे प्राध्यापकांसाठी जे उद्बोधन वर्ग भरतात, त्यांतूनही या निबंधाची परिभाषा कानी पडते. तेव्हा ती कितपत टिकाऊ आहे हे एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे. विद्यार्थ्यांच्या शिकण्याच्या रीती भिन्न असतात आणि त्या पाच जोड्यांत मांडता येतात: इंद्रियलक्षी व अंतर्ज्ञानलक्षी, दृश्य व श्राव्य, उद्गामी व अवगामी, कृतिशील व चिंतनशील, क्रमनिष्ठ व समग्रलक्षी. पाच जोड्या म्हणजे गणिताने बत्तीस रीती झाल्या. अभियांत्रिकीचे बहुतेक विद्यार्थी इंद्रियलक्षी, दृश्य, उद्गामी आणि कृतिशील असतात. उलट त्यांना मिळणारे शिक्षण अमूर्त, श्राव्य, अवगामी आणि निष्क्रिय असते. या विसंगतीमुळे विद्यार्थी कंटाळतात, मागे पडतात, कित्येक विषयच सोडून देतात. यावर लेखकद्वयाने सुचविलेले उपाय साधे आहेत. सिद्धान्ताआधी घटना दाखवावी, आकृत्या काढाव्यात, व्याख्यानात मधूनमधून थांबून विद्यार्थ्यांना विचाराला अवसर द्यावा, लहान गट करून प्रश्न सोडवावयास लावावेत. बत्तीस प्रकारांनी शिकविण्याची गरज नाही. चालू पद्धतीत थोडी भर घातली तरी पुरे, असेही ते सांगतात. हा सूर व्यवहारी आहे, आणि निबंधाच्या लोकप्रियतेचे निम्मे श्रेय त्यालाच द्यावे लागेल.

उपायांच्या बाजूने पुरावाही बराच आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध केले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना वर्गातच काही करावयास लावणाऱ्या अध्यापनात ते २१.८ टक्के, असे त्यांना आढळले. शंभर विद्यार्थ्यांमागे बारांचे भवितव्य ज्या गोष्टीवर अवलंबून आहे, ती किरकोळ म्हणता येणार नाही.

परंतु उपाय गुणकारी ठरले म्हणून निदान बरोबर होते असे होत नाही. विद्यार्थ्याच्या रीतीशी जुळेल असे शिकविले तर तो अधिक शिकतो, या दाव्याला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष पॅशलर, मॅकडॅनियल, रोअरर आणि ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये काढला. असा आधार मिळावयाचा तर एकाच पद्धतीने एका प्रकारच्या विद्यार्थ्यांचे भले आणि दुसऱ्या प्रकारच्यांचे नुकसान झालेले दिसावयास हवे. आकृती काढल्याने अथवा उदाहरण दिल्याने मात्र सर्वांचेच भले होते. मग वर्गीकरणाचे प्रयोजन काय राहिले?

निबंधाच्या पुढील इतिहासात याहून उद्बोधक गोष्ट आहे. २००२ साली फेल्डर यांनी त्याला नवी प्रस्तावना जोडली आणि आपल्या मांडणीत दोन बदल जाहीर केले. पहिला असा की, उद्गामी-अवगामी ही जोडी त्यांनी गाळली. कारण त्यांनी निःसंकोच सांगितले आहे: उदाहरणांकडून नियमाकडे जाणे हीच त्यांच्या मते उत्तम रीत, परंतु विद्यार्थ्यांना विचारले तर ते नियम आधी मागतील, आणि त्या उत्तराचा आधार घेऊन प्राध्यापक आपली जुनी वाट सोडणार नाहीत. कबुली प्रामाणिक आहे, पण तिचा अर्थ गंभीर आहे. ज्या जोडीत विद्यार्थ्याची आवड आणि विद्यार्थ्याचे हित यांची फारकत होते, ती जोडी वगळावयाची आणि उरलेल्या चार जोड्यांत ती होत नाही असे मानून चालावयाचे, हे शास्त्राला धरून नाही.

दुसरा बदल भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. 'दृश्य व श्राव्य' या जोडीची त्यांनी 'दृश्य व शाब्दिक' अशी जोडी केली. हेतू हा की बोललेला आणि लिहिलेला, दोन्ही शब्द एका सदरात यावेत. त्यामुळे एक घोटाळा मिटला, दुसरा झाला. बोललेले वाक्य उच्चारताच विरून जाते, लिहिलेले समोर राहते. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हाच भेद निर्णायक असतो. शिवाय अभियांत्रिकीच्या फळ्यावर जे सर्वांत अधिक असते ते समीकरण कोणत्या सदरात घालावयाचे? मूळ निबंधात चिन्हांची गणना दृश्य सदरात होती. पण समीकरण हे चित्र नव्हे. ते वाक्य आहे, त्याला कर्ता-क्रियापदासारखी रचना आहे आणि ते वाचता यावे लागते. फळ्यावर समीकरण लिहून तेच अक्षरशः मोठ्याने म्हणणारा प्राध्यापक आपण दृश्य आणि शाब्दिक दोन्ही सांभाळले असे समजतो. वस्तुतः त्याने एकच गोष्ट दोनदा केलेली असते, आणि तिचा अर्थ सांगावयाचा राहूनच गेलेला असतो.

येथे माझ्या मते खरे मर्म आहे. फेल्डर-सिल्व्हरमन यांचे उपाय गुणकारी ठरतात ते विद्यार्थ्यांचे स्वभाव ओळखल्यामुळे नव्हे. त्यांच्यामुळे प्राध्यापकाच्या बोलण्याची रचना बदलते म्हणून. 'एकक क्षेत्रफळावरील बल म्हणजे स्ट्रेस' या वाक्यात क्रियाच नाही. सगळी क्रिया नामांत गोठलेली आहे. ते वाक्य ज्याला आधीच कळले आहे त्यालाच कळते. याउलट एकच वजन आधी सुतळीला आणि मग दोरखंडाला टांगले, सुतळी तुटली, दोरखंड का तुटला नाही, असे विचारले की 'बल तेच, पण पसरले किती जागेवर?' हा प्रश्न विद्यार्थीच उभा करतो. त्यानंतर व्याख्या दिली तर ती उत्तर म्हणून येते. असे उत्तर स्मरणात राहावयास कोणत्या रीतीचा विद्यार्थी लागतो?

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. स्ट्रेस, स्ट्रेन आणि टेन्शन या तिन्हींसाठी त्याच्या बोलीत 'ताण' हा एकच शब्द धावून येतो. इंग्रजी व्याख्यानात हे तीन शब्द पाठोपाठ आले की तो ते पर्याय समजून ऐकतो, आणि पुढे आलेखावर एक अक्ष एकाचा व दुसरा दुसऱ्याचा कसा, हे त्याला उमगत नाही. प्रश्नावलीत तो 'दृश्य' ठरला काय अन् 'शाब्दिक' ठरला काय, त्याची ही अडचण तशीच राहते. तिचे कारण त्याच्या स्वभावात नाही, दोन भाषांच्या सांध्यात आहे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकविण्याची वाट मोकळी केली. त्यानंतरची चर्चा बहुतांशी परिभाषेभोवती फिरताना दिसते. स्ट्रेसला 'प्रतिबल' म्हटले आणि व्याख्या पूर्वीसारखीच आरंभी ठेवली, तर गोठलेल्या इंग्रजी वाक्याच्या जागी गोठलेले मराठी वाक्य येईल, इतकेच. (संस्कृतप्रचुर मराठीत नामे गोठविण्याची सोय इंग्रजीपेक्षा कमी नाही, हे प्रस्तुत लेखावरूनही दिसेल.)

म्हणून उद्बोधन वर्गात चव्वेचाळीस प्रश्नांची ती प्रश्नावली वाटण्याऐवजी प्राध्यापकाच्या एका तासाचे ध्वनिमुद्रण करून त्याची दहा मिनिटे अक्षरशः उतरवून काढावीत. किती व्याख्या उदाहरणाआधी आल्या, किती प्रश्नांनंतर तो खरोखर थांबला, किती समीकरणे नुसती वाचली गेली, हे त्या दोन-तीन पानांत स्वच्छ दिसते. या कामाला अभियांत्रिकी विभागाला भाषा विभागाची मदत लागेल. आपल्या विद्यापीठांतून या दोन विभागांच्या इमारती अनेकदा एकाच रस्त्यावर आहेत, परंतु पदव्युत्तर प्रबंधांसाठी अशी उतरवलेली व्याख्याने साधन म्हणून वापरलेली अद्याप माझ्या पाहण्यात नाहीत.