विद्यापीठीय नेतृत्व आणि नागरिकत्वाचे शिक्षण : महाराष्ट्रातील विद्यार्थी परिषदेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
विद्यापीठ ही केवळ पदव्या प्रदान करणारी यंत्रणा नसून सुजाण नागरिक घडविणारी संस्था आहे, असे दीक्षांत समारंभातून नेहमी सांगितले जाते. तथापि, नागरिकत्व व्याख्यानातून समजते आणि व्यवहारातून अंगी बाणते. यातील दुसऱ्या बाजूकडे विद्यापीठीय नेतृत्वाने कितपत लक्ष दिले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात विद्यार्थी परिषदेच्या कायदेशीर वाटचालीच्या आधारे केली आहे.

बहिःशाल शिक्षणाची परंपरा :
लोकशिक्षणाची परंपरा महाराष्ट्रातील विद्यापीठांना नवी नाही. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर यांच्या नावाने बहिःशाल शिक्षण मंडळातर्फे चालणाऱ्या व्याख्यानमालेने विद्यापीठाचे ज्ञान गावोगावी पोहोचविले. हे कार्य मोलाचे आहे. परंतु व्याख्यानाचे स्वरूप बहुधा एकमार्गी असते. वक्ता बोलतो, श्रोता ऐकतो. मतभेद मांडणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे आणि बहुमताचा निर्णय स्वीकारणे यांचा सराव त्यातून होत नाही.

गुणवत्ता आणि प्रतिनिधित्व :
६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. त्यानंतर काही वर्षांतच महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ अन्वये मागील परीक्षेतील गुणांच्या आधारे वर्ग प्रतिनिधी नेमण्याची पद्धत रूढ झाली. परिणामी, लोकसभेचा सदस्य निवडण्यास पात्र असलेला विद्यार्थी स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी मात्र निवडू शकत नव्हता. गुणवत्ता आणि प्रतिनिधित्व या भिन्न संकल्पना आहेत. प्रथम क्रमांक मिळविणारा विद्यार्थी आदरास पात्र असतो; पण वसतिगृहातील पाण्याचा वा शिष्यवृत्तीच्या विलंबाचा प्रश्न मांडण्याचा अधिकार त्याला सहाध्यायांनी दिलेला नसतो आणि म्हणून तो त्यांना उत्तरदायीही नसतो.

या पद्धतीचे समर्थन निवडणुकांतील हिंसाचार, पैसा आणि पक्षीय हस्तक्षेप यांच्या आधारे केले गेले. ही भीती निराधार नव्हती. तथापि, लिंगडोह समितीने निवडणुका बंद करण्याऐवजी त्यांचे नियमन सुचविले. प्रत्येक उमेदवारास ५,००० रुपयांची खर्चमर्यादा, वयोमर्यादा आणि उपस्थितीची अट अशा तिच्या शिफारशी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने लागू झाल्या. दोषांवरील उपाय उपलब्ध असताना महाराष्ट्रात थेट निवडणुकांची तरतूद होण्यास २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम यावा लागला. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निवडणुकाही विधानसभा निवडणुकीच्या कारणास्तव लांबणीवर पडल्या. मोठ्या निवडणुकीसाठी लहान निवडणूक थांबावी, यातील विसंगती बोलकी आहे.

नेतृत्वाची जबाबदारी :
याचा सर्व दोष शासनावर टाकणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. २०११ पासून २५ जानेवारीला महाविद्यालयांतून मतदार दिनाची शपथ दिली जाते, प्रभातफेऱ्या निघतात. लोकशाही, निवडणूक व सुशासन हा विषय पुणे विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात अनिवार्यही झाला. हे उपक्रम स्वागतार्ह आहेत; पण अनुभवाअभावी ते गुणपत्रिकेतील एका नोंदीपुरते उरण्याचा धोका आहे. विद्यार्थी परिषदेची बैठक नियमित घेणे, तिचे इतिवृत्त सूचनाफलकावर लावणे, शुल्कवाढीपूर्वी विद्यार्थ्यांची बाजू ऐकणे, मागणी अमान्य केल्यास लेखी कारण देणे, यांसाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. कुलगुरू व प्राचार्य यांची इच्छाशक्ती त्यासाठी पुरेशी आहे.

समारोप :
ग्रामीण भागातून येणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यासाठी महाविद्यालय ही अधिकारपदावरील व्यक्तीला निर्भयपणे प्रश्न विचारण्याची पहिली जागा असू शकते. तेथे त्याने केवळ शिस्तीने गप्प बसणेच आत्मसात केले, तर पुढे ग्रामसभेतही तो गप्पच बसेल. म्हणून विद्यापीठीय नेतृत्वाचे मूल्यमापन करताना मूल्यांकनाच्या श्रेणीबरोबरच, किती प्रश्न विचारू दिले गेले आणि त्यांपैकी कितींना उत्तरे मिळाली, हाही निकष मानला जाणे आवश्यक आहे.