बालवाचकाचे ग्रंथप्रेम : मिखाएल एंडे यांच्या 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' या कादंबरीच्या संदर्भात

प्रास्ताविक :
अद्भुतरम्य कादंबरीत रमणारे मूल वास्तवापासून पळ काढते, असा आक्षेप बालसाहित्याच्या समीक्षेत वारंवार घेतला जातो. जर्मन लेखक मिखाएल एंडे (१९२९–१९९५) यांनाही पलायनवादाचा हा आरोप सहन करावा लागला. १९७९ मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध झालेली व १९८३ मध्ये इंग्रजीत आलेली त्यांची ही कादंबरी बालवाचकाच्या ग्रंथप्रेमालाच कथाविषय बनविते. त्या प्रेमाचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वाचनातील ओढ :
आईच्या मृत्यूनंतर अबोल झालेले वडील आणि छळणारे वर्गमित्र यांमुळे एकाकी पडलेला बास्टियन, कोरिआंडर यांच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक ग्रंथ चोरतो व शाळेच्या माळ्यावर लपून वाचू लागतो. मानवी जग आणि ग्रंथातील फांटाझिएन हे जग दोन वेगळ्या रंगांच्या शाईत छापलेले आहे. 'शून्य' फांटाझिएनला गिळत असते आणि बाल-सम्राज्ञीला नवे नाव देणे हाच त्यावरील उपाय असतो. नाव सुचूनही बास्टियन संकोचाने गप्प राहतो, तेव्हा कथा पुन्हा आरंभापासून सांगितली जाऊ लागते. वाचकाने साद दिल्याखेरीज साहित्यकृती पुढे सरकत नाही, हे येथे प्रत्यक्ष घटनेतून सिद्ध होते.

ओढीतील धोका :
उत्तरार्धात बास्टियन ग्रंथात प्रवेश करतो. त्याची प्रत्येक इच्छा पूर्ण होते. परंतु प्रत्येक इच्छेमागे एक आठवण नष्ट होते. जुन्या सम्राटांच्या नगरीत त्याला परत न गेलेली माणसे भेटतात. त्यांच्या स्मृती संपल्या आहेत आणि ती अक्षरांचे फासे टाकत बसली आहेत. स्वतःचे जगणे गमावलेल्या वाचकाजवळ केवळ अक्षरे उरतात, कथा उरत नाही. पलायनवादाच्या आक्षेपाचे एंडे यांना पुरेपूर भान होते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते. १९८४ च्या चित्रपटाने मुख्यतः पूर्वार्धच घेतला. त्यामुळे बास्टियनची ओढ तेवढी दिसली, तिची किंमत दिसली नाही. एंडे यांनी त्या चित्रपटाला केलेला विरोध या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो.

परतीची वाट :
चित्रांच्या खाणीत खोदताना बास्टियनला वडिलांचे चित्र सापडते आणि तेथूनच परतीचा मार्ग खुला होतो. जीवनजल त्याच्या ओंजळीतून सांडते. तथापि त्याची हकिकत ऐकताना वडिलांच्या डोळ्यांत अश्रू येतात. ते पाणी घरी पोहोचल्याची खूण त्याला तेथे पटते. पुढे तो चोरीची कबुली देण्यासाठी कोरिआंडर यांच्याकडे जातो. ते त्याला दोषी ठरवीत नाहीत. आपणही फांटाझिएनला गेलो होतो, असे सांगतात. अशा रीतीने एक ज्येष्ठ वाचक कनिष्ठ वाचकाला आपला म्हणून स्वीकारतो.

निष्कर्ष :
बास्टियन पळाला हे खरे. परंतु पळताना न आणलेले धैर्य घेऊन तो परतला. ग्रंथप्रेमाची कसोटी वाचक किती काळ वास्तवापासून दूर राहिला यात नसून, परतताना तो कोणासाठी काय घेऊन आला यात आहे. वर्गात पुस्तक लपवून वाचणाऱ्या मुलाचे पुस्तक काढून घेण्यापूर्वी शिक्षकाने एवढे तरी विचारले पाहिजे की, कोरिआंडर यांच्याप्रमाणे आपणही कधी तेथे गेलो होतो काय?