भी... मराव

आपल्या पोरांनी गाणं बसवलं की आपण दोनच गोष्टी करतो. टाळ्या पिटतो, नाहीतर मागं टवाळी करतो. तोंडावर कोणी बोलत नाही. बाबासाहेबांवरचं गाणं, त्याला नाव कसं ठेवावं?

चांदूर बाजारला जयंतीआधी एका पोरानं स्वतःच्या चालीचं गाणं ऐकवलं. फिल्मी चाल नाही म्हणून आम्ही खूश. (तशी फिल्मी चाल काही पाप नाही, वामनदादा कर्डकांचं 1943 सालचं पहिलं गाणंही हिंदी गाण्याच्या चालीवरच होतं.) म्हातारा ढोलकीवाला तेवढा म्हणाला, "लेका, 'भी'वर तान घेतं अन् तिथंच श्वास तोडतं. मागच्याले नुसतं 'मराव' आयकू येते."

हसू फुटलं. पोरगं तापलं, "मामा, भावना पाहा ना!"

भावना होतीच. पण मंडपात मागं बसलेल्या बाईला भोंग्यातून भावना नाही, शब्द ऐकू येतो. भीमराव कर्डकांच्या जलशांनी अक्षर न येणाऱ्या माणसापर्यंत चळवळ नेली, ती अशाच स्पष्ट शब्दावर.

म्हाताऱ्याचंही सगळं ऐकू नये. 'कव्वालीची चाल घे, लोक डोलतात' असंही तो बोलला. पोरानं मानलं नाही, बरं केलं. मात्र दुसऱ्या दिवशी त्यानं श्वास नावाच्या आधी घेतला, तान काढून टाकली नि केरव्यात अख्खं 'भीमराव' समेवर आणलं. दुसऱ्या कडव्यावरून दोघांचं अजून भांडण चालू आहे.