केल्प, पाणमांजर आणि दोनच बेटं: एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी

सिनॉप्सिसमध्ये ‘तुलनात्मक अभ्यास’ हे शब्द आपण फार सहज टाकतो. दोन तलाव घेतले, एकात अमुक आहे, दुसऱ्यात नाही, झाली तुलना! गोंदियासारख्या तलावांच्या जिल्ह्यात तर हा मोह होतोच. म्हणून आज समुद्रातला एक पेपर तपासू.

१९७४ साली जेम्स एस्टेस आणि जॉन पामिसानो यांनी तो ‘सायन्स’मध्ये छापला. अलास्काच्या अल्युशियन बेटांपैकी अमचिटकाभोवती समुद्री पाणमांजरं भरपूर होती. शेम्याभोवती मात्र फरसाठी झालेल्या शिकारीनंतर ती परतलीच नव्हती. अमचिटकाजवळ केल्प या तपकिरी शैवालाचं दाट जंगल होतं; शेम्याजवळ केल्प जवळपास नाही आणि तळाला काटेरी सी-अर्चिनच सी-अर्चिन.

पेपरचं बळ कुठे आहे? शैवाल आणि सस्तन प्राणी यांचा थेट संबंध नाही. लेखकांनी मधला दुवा दाखवला: पाणमांजर अर्चिन खातं, अर्चिन केल्प खातात. नुसतं ‘हे आहे तिथे तेही आहे’ एवढ्यावर ते थांबले नाहीत.

आणि कमजोरी? जागा मोजून दोन. दोन बेटांत फरक काय फक्त पाणमांजराचाच असतो? लाटा, तळाचा खडक, पाण्याचं तापमान, काहीही वेगळं असू शकतं. १९८८ मध्ये फॉस्टर आणि शील यांनी दाखवलं, की कॅलिफोर्नियात पाणमांजरं नसलेल्या बहुतेक ठिकाणीही केल्प टिकून होतं. म्हणजे निष्कर्ष अलास्कापुरता भक्कम, सगळीकडे नाही.

अलास्कात तो भक्कम का झाला? १९९० च्या दशकात तिथली पाणमांजरं झपाट्याने घटली. १९९८ च्या पेपरनुसार, बहुधा ऑर्का त्यांना खाऊ लागल्यामुळे. त्याच ठिकाणी अर्चिन वाढले, केल्प घटलं. आता तुलना दोन जागांची राहिली नाही. एकाच जागेच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’ची झाली.

आता तुमचं बघा. समजा, ग्रास कार्प सोडलेल्या आणि न सोडलेल्या मामा तलावांतल्या पाणवनस्पतींची तुलना करायची आहे. दोन तलावांवर भागवू नका. दोन्ही प्रकारचे अनेक तलाव घ्या, खोली आणि गाळ मोजा, माशांच्या पोटात काय सापडतं ते तपासा. मासे सोडण्याआधीची नोंद नसेल, तर तिथल्या ढिवर बांधवांना विचारा. ‘हा फरक माशांमुळेच कशावरून?’ हे व्हायवात विचारणारच. उत्तर सिनॉप्सिस लिहितानाच तयार ठेवा.