गणवेशावरून कालनिर्णय

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करी छायाचित्रांचा काळ ठरविताना टोपीवरील राजाक्षरांवर भिस्त ठेवण्याची प्रथा आहे. ती अर्धीच ग्राह्य होय. कार्ल नोव्हेंबर १९१६ मध्ये सम्राट झाला. तेव्हा त्याचे ‘के’ हे अक्षर दिसल्यास छायाचित्र त्यानंतरचे, हे निर्विवाद. परंतु फ्रान्झ योझेफची अक्षरे दिसली, एवढ्यावरून ते त्यापूर्वीचे ठरत नाही. जुने बिल्ले पुढेही वापरात राहिले. छातीवर डिसेंबर १९१६ मध्ये स्थापिलेला कार्ल-क्रूस असेल, तर टोपीची साक्ष फोल.

रंगाविषयी तर अधिकच सावधगिरी हवी. निळ्या गणवेशातील पायदळाची पलटण गळपट्टीचा रंग, गुंड्यांचा पिवळा वा पांढरा रंग आणि बाहीची घडण या तिहींच्या मेळाने ओळखावयाची. त्या काळच्या काचांवर मात्र तांबडा रंग काळपट उमटे. काळ्या गळपट्टीच्या पलटणीही होत्याच. तांबड्या गळपट्टीचा शिपाई त्यांत बिनदिक्कत घातला जातो. भरती प्रांतवार असल्यामुळे या चुकीने त्या अनामिकाचे गावही बदलते. बाहीला ही बाधा नाही: हंगेरियन पलटणींची बाही टोकदार व फीत लावलेली, ‘जर्मन’ पलटणींची साधी. हे ‘जर्मन’ नाव, अर्थात, भाषावाचक नव्हे. झेक पलटणीही त्यातच मोडत.